रसेल किंवा रेमिंग्टनच्या चित्रावरून काऊबॉय कविता किंवा गाणं कसं लिहावं?

तुमची अडचण अशी आहे: अमेरिकेच्या पश्चिमेतले काऊबॉय, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे गडी, रंगवणारे चार्ल्स रसेल आणि फ्रेडरिक रेमिंग्टन यांची चित्रं समोर ठेवून लिहायला बसता, पण हाती लागतं ते चित्राचं वर्णन. घोडा, टोपी, मावळतीचं आभाळ सगळं येतं, कविता मात्र येत नाही.

याचं कारण बहुधा एकच असतं. चित्रात जे आहे तेच तुम्ही पुन्हा सांगत आहात, आणि ते काम रंगांनी शब्दांपेक्षा चांगलं केलेलं आहे. काऊबॉय कविता ऐकण्यासाठी असते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या एल्को गावी १९८५ पासून भरणाऱ्या मेळाव्यात पुष्कळजण कविता पाठ म्हणतात आणि ऐकणाऱ्यासमोर चित्र नसतं. म्हणून चित्रात जे मावू शकत नाही तेच उचला: आवाज, वास, गारठा, आधीचा क्षण, नंतरचा क्षण.

हे रसेलकडूनच शिकता येतं. १८८६-८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मोंटानात बर्फाखाली गवत गाडलं गेलं आणि गुरं उपाशी मेली. हेलेना गावातल्या मालकानं आपल्या कळपाचा हाल विचारला, तेव्हा तिथे गुराखी असलेल्या रसेलनं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एक हाडं वर आलेलं जनावर काढलं, भोवती टपलेले लांडगे. पुढे हे चित्र 'वेटिंग फॉर अ चिनूक' या नावानं प्रसिद्ध झालं. चिनूक म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून येणारा, बर्फ वितळवणारा उबदार वारा. तो चित्रात कुठेच नाही, आणि चित्र सगळं त्याच्याचबद्दल आहे. या चित्रावर लिहायचं तर लांडग्यांवर दोन ओळी पुरेत, बाकीची कविता न आलेल्या वाऱ्याची.

सुरुवात अशी करा. चित्रासमोर वीस मिनिटं बसा, घड्याळ लावून. कागदावर तीन रकाने पाडा: काय दिसतं, काय ऐकू येत असेल, दहा मिनिटांनी काय होईल. पहिला रकाना झरझर भरतो, तिसरा भरेपर्यंत उठू नका. मग पहिल्या रकान्यातली एकच वस्तू ठेवा आणि बाकी सगळं दुसऱ्या-तिसऱ्यातून घ्या. बोलणारा कोण हेही तेव्हाच ठरवा. चित्र पाहणारा माणूस बोलू लागला की कविता थंड पडते, चित्रातला माणूस बोलला तर ती चालू लागते.

रेमिंग्टनचं १८९५ चं 'द फॉल ऑफ द काऊबॉय' घ्या. ते फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहे. हिवाळी उजेड, बर्फ, दोन स्वार, त्यातला एक कुंपणाच्या फाटकापाशी खाली उतरलेला. एवढंच. पण १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि काही वर्षांत मोकळी कुरणं बंद होत गेली, हे माहीत असेल तर त्या उतरण्यात सगळा ऱ्हास दिसतो: ज्याला कुठेही थांबावं लागत नव्हतं तो आता फाटकासाठी घोड्यावरून उतरतो. तिथे 'युग संपलं' असं लिहिण्याची गरजच नाही. मराठीत अशी सुरुवात होऊ शकते:

उतर गड्या तू, फाटक आलं, बोटं पडली गार;
याच माळानं कळप नेले, नव्हती तेव्हा तार.

प्रत्येक ओळीत १६ आणि ११ मात्रा आहेत. मराठीत लिहिणार असाल तर हे माप म्हणायला सोपं जातं.

इंग्रजीत लिहिणार असाल तर मात्र मराठी कान फसवतो. आपल्याला मात्रा किंवा अक्षरं मोजायची सवय, तिथे मोजायचे ते आघात, म्हणजे बोलताना ज्या अक्षरांवर जोर पडतो ती. या कवितेचा सगळ्यात ओळखीचा साचा म्हणजे चार ओळींचं कडवं, पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या-चौथीत तीन. अक्षरं बरोबर ८ आणि ६ भरली तरी आघात चुकीच्या जागी पडले की ओळ लंगडते. पेन्सिलनं टेबलावर ठोका देत मोठ्यानं वाचा. जिथे 'द' किंवा 'ऑफ'सारख्या शब्दावर ठोका पडतो, ती ओळ पुन्हा लिहा.

लय घोड्याच्या चालीवरून घ्या, ही माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट. चालणाऱ्या घोड्याचे चार सुटे, सारखे ठोके पडतात, दुडकीचे दोन, हलक्या दौडीचे तीन. चित्रातली चाल ओळखा आणि तेच वजन ओळीत आणा. रेमिंग्टनच्या १९०८ च्या 'द स्टॅम्पीड'मध्ये वीज, पाऊस, उधळलेली गुरं आणि त्यांच्याबरोबर धावणारा स्वार आहे. तिथे दोन हलकी, एक जड अशी अक्षरं घ्या, वाक्य ओळीच्या शेवटी थांबवू नका. उलट रात्रीच्या पहाऱ्याचं गाणं चालीच्या ठोक्यावरच हवं. पहारेकरी बसलेल्या कळपाभोवती घोडा चालवत, बहुधा दोघं उलट दिशांनी, हळू गात. गुरं दचकू नयेत हाच त्याचा हेतू. म्हणून सूर एका सप्तकात ठेवा आणि ध्रुवपदात अचानक वर उडी घेऊ नका. नव्या गाण्यांत ही चूक फार होते.

यमकाचंही असंच. विनोदी प्रसंगाला लागोपाठच्या दोन ओळींचं यमक शोभतं, कारण दुसरी ओळ टाळीसारखी पडते. रसेलचं 'ब्रॉन्क टू ब्रेकफास्ट' याला फार चांगलं: उधळलेला घोडा थेट स्वयंपाकाच्या चुलीत घुसतो. शोकाला दुसरी आणि चौथी ओळच जुळवा.

आता तपशिलाच्या चुका, कारण जाणकार श्रोता इथेच उठून जातो. मोंटानाच्या चित्रावरच्या कवितेत सग्वारो निवडुंग आणू नका, तो दूर दक्षिणेकडच्या सोनोरा वाळवंटाबाहेर उगवत नाही. गुरं पकडायच्या दोराचंही पाहा. टेक्ससकडचा गडी दोर खोगिराच्या बोंडाला, म्हणजे पुढे वर आलेल्या खुंटाला, पक्का बांधतो. नेवाडा-कॅलिफोर्नियाकडचा बोंडाला वेढे देऊन हवा तसा सैल सोडतो, कारण त्याचा लांब, कच्च्या चामड्याचा दोर एकदम हिसका बसला तर तुटू शकतो. कवितेत हे दोन्ही गडी एकाच माणसात भरले की ती खोटी वाटते. शंका असेल तर वस्तूचं नाव गाळा, क्रिया सांगा.

'लाफ किल्स लोनसम' हे मी अगदी शेवटी घ्यायला सांगेन. रसेलनं ते १९२५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी रंगवलं: रात्र, शेकोटी, दमलेले गडी, आणि उजेडाच्या कडेला उभा तो स्वतः. १८८० मध्ये सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मोंटानात आलेला हा मुलगा रात्रीची राखण करून वाढला. आता साठी ओलांडल्यावर तो त्याच शेकोटीपाशी परत येऊन उभा राहतो. मोह होतो तो गहिवर लिहिण्याचा. त्याऐवजी तिथे कोणता विनोद सांगितला गेला ते लिहा, आणि हसू थांबल्यावर गुरांचा आवाज येऊ द्या. १६ ते ३२ ओळींत हे आटोपतं. पाठ म्हणताना ३२ ओळींना साधारण दोन मिनिटं लागतात, त्यापुढे लक्ष सुटतं.

लिहून झाल्यावर चित्र न पाहिलेल्या माणसाला ऐकवा आणि त्याला काय दिसलं ते विचारा. त्यानं चित्र मागितलं तर कविता अपुरी आहे. हयात चित्रकाराचं चित्र कवितेशेजारी छापायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. रसेल आणि रेमिंग्टन यांना जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की तो प्रश्न सहसा येत नाही, पण संग्रहालयाचा फोटो वापरताना त्यांच्या अटी वाचा. सादर करताना चित्राचं नाव एका वाक्यात सांगा आणि लगेच पहिली ओळ म्हणा.