वाचकांचे प्रश्न : कढीपत्त्यावरच्या अळ्या

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सदनिकेच्या गच्चीत कढीपत्ता आणि लिंबू मोठ्या कुंड्यांत लावलेले आहेत. फुलपाखरे यावीत म्हणून मुलीच्या हट्टाखातर पेट्युनिया आणि दाट पाकळ्यांचा झेंडूही लावला. परंतु फुलपाखरे क्वचितच दिसतात आणि कढीपत्ता मात्र अळ्या फस्त करतात. रोपवाटिकेतून आणलेले कीटकनाशक मी दर पंधरा दिवसांनी फवारते. काय चुकते आहे?

उत्तर : आपल्याला हवी असलेली फुलपाखरे आपल्या घरी आलेलीच आहेत, ती कढीपत्त्याच्या पानांवर आहेत आणि फवारणी त्यांच्यावरच होत आहे. यात आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही, कारण अळीचे फुलपाखरू होते हे शाळेत शिकूनही आपण बहुतेक जण ते ज्ञान घरच्या कुंडीपर्यंत आणत नाही.

कढीपत्ता आणि लिंबू ही एकाच कुळातील झाडे आहेत. लिंबाळी आणि कॉमन मॉर्मन ही पुण्यात सहज आढळणारी फुलपाखरे याच कुळातील झाडांवर अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्ल्यू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. मादी पानावर उतरून पायांनी त्याची चव घेते आणि खात्री पटल्यावरच अंडे घालते, म्हणून शेजारी कितीही फुले असली तरी ती या झाडाऐवजी दुसरीकडे अंडी घालणार नाही. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून शिंगांसारखा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. मुलीला हे एकदा अवश्य दाखवावे, मात्र एकदाच.

फवारणी आजच थांबवावी. कडुनिंबाचे तेलही अळ्यांना मारकच असते, त्यामुळे 'नैसर्गिक' म्हणून त्याला सवलत देऊ नये. कढीपत्त्याचे दुसरे रोप आणून एक स्वयंपाकासाठी आणि एक अळ्यांसाठी ठेवावे. पहिल्यावर अळी दिसली की ती पानासकट दुसऱ्यावर हलवावी. ओरबाडलेला कढीपत्ता पुन्हा फुटतो. पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी पुष्कळदा झाड सोडून कुंडीच्या कडेला किंवा कठड्यावर जाते, म्हणून झाडावरून नाहीशी झाली तर ती मेली असे समजू नये.

फुलांविषयी थोडेसे. दाट पाकळ्यांच्या झेंडूत कीटकांना मधापर्यंत पोहोचणे अवघड जाते. त्यापेक्षा आपल्याकडची तुळस फुलू द्यावी. मंजिऱ्या खुडण्याची आपली जुनी सवय आहे. त्यांतल्या निम्म्या राखल्या, तरी ऊन चढताच फुलोरी मधमाश्या त्यांवर येऊ लागतील. आणखी एक विनंती : खिडकीच्या कोपऱ्यातले प्रत्येक जाळे झाडून काढू नये. शिंजीर हा फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी आपले लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्यांनीच बांधतो, आणि त्याच्या पिलांना वाढीसाठी मधापेक्षा कीटकच अधिक लागतात.

प्रश्न : उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी आणि धान्य ठेवतो, परंतु आमच्या सोसायटीचा डेंग्यूच्या डासांच्या भीतीने विरोध आहे. (बिबवेवाडी)

उत्तर : सोसायटीची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही सोपा आहे. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतील भिंतीवर अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. मातीचे पसरट, दोन इंचांहून कमी खोलीचे भांडे घ्यावे, ते रोज रिकामे करून काथ्याने आतून घासावे आणि मगच भरावे. मधोमध एखादा खडबडीत दगड ठेवला, तर मधमाश्याही न बुडता पाणी पितात. चार दिवस गावाला जाणार असाल, तर भांडे पालथे घालून जावे.

धान्य मात्र बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर मुख्यतः पारवेच जमतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही जणांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, आणि ज्या बुलबुल, दयाळ, शिंपी या पक्ष्यांसाठी आपण धडपडतो, त्यांना ज्वारी-बाजरीचा काही उपयोग नसतो.

प्रश्न : सहकारनगरच्या आमच्या जुन्या बंगल्याच्या आवारात गिरिपुष्पाची दोन झाडे आहेत. ती परदेशी असल्याने तोडून देशी झाडे लावावीत का? शिवाय पालापाचोळ्यात सापाची पिले दिसतात, त्यांचे काय करावे?

उत्तर : उभी झाडे घाईने तोडू नयेत, तसेही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. येत्या पावसाळ्यात मोकळ्या जागी देशी झुडपे लावावीत, म्हणजे ती वाढेपर्यंत पक्ष्यांचा आसरा टिकून राहील. उन्हाच्या जागेत धायटी सर्वांत आधी लावावी : सिंहगडाच्या परिसरात हिवाळा सरताना तिच्या लालभडक फुलांवर शिंजिरांची झुंबड उडते, आणि मुरमाड जमिनीतही ती तग धरते. कुंपणाला करवंद आणि अडुळसा चालेल. पांढऱ्या चिकाची रुई आपोआप उगवली असेल, तर एक रोप कोपऱ्यात राहू द्यावे, कारण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिची पाने खाऊन वाढतात. तो चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी.

आपण ज्यांना सापाची पिले म्हणता, त्या प्राण्यांना नीट पाहावे. अंग तुकतुकीत आणि आखूड पाय असतील तर त्या बहुधा सापसुरळ्या आहेत. त्या विषारी नसतात, कीटक खातात आणि केवळ नावामुळे मारल्या जातात. पाय नसतील तर हात न लावता सर्पमित्राला बोलवावे. पाचोळा जाळू नये; घराच्या भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, आवाराच्या एका कोपऱ्यात त्याचा ढीग करावा आणि तो उपसताना हाताऐवजी दाताळे वापरावे.