सगळ्या ईएसएक्सआय होस्टचे लॉग कुठे जातात, याचा एकच रिपोर्ट स्क्रिप्टने कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की एका व्हीसेंटरखाली (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ४० ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणारे सर्व्हर, आहेत, प्रत्येकाची सिसलॉग सेटिंग (लॉग कुठे पाठवायचे ते ठरवणारी) क्लिक करून बघत बसायचं नाहीये, तर पॉवरसीएलआयने (व्हीएमवेअरसाठीच्या पॉवरशेल कमांडचा संच) एका फाइलमध्ये सगळं मिळेल का. मिळेल, आणि स्क्रिप्ट वीसेक ओळींच्या पुढे जात नाही. (कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीतच करा.)

नुसतं डोळ्यांखालून घालायचं असेल तर गेट-व्हीएमहोस्टचं आउटपुट पाइप करून गेट-ॲडव्हान्स्डसेटिंगला द्या आणि नावाच्या जागी 'सिसलॉग.ग्लोबल.' पुढे तारांकन टाका. पण मग प्रत्येक सेटिंगची वेगळी ओळ येते आणि ४० होस्टची यादी वाचवत नाही. त्यापेक्षा फॉरईच लूप लावा, दर होस्टला एक ओळ बनवा आणि शेवटी एक्स्पोर्ट-सीएसव्ही.

लॉगहोस्ट, म्हणजे लॉग ज्या सर्व्हरला पाठवायचे त्याचा पत्ता, हा कॉलम सगळेच घेतात. माझ्या मते तेवढ्याने काहीच कळत नाही. सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता आहे, पण होस्टच्या फायरवॉलमधला 'सिसलॉग' नियम बंद आहे, तर बाहेर काहीच जात नाही. म्हणून गेट-व्हीएमहोस्टफायरवॉलएक्सेप्शनने त्या नियमाची स्थितीही त्याच ओळीत आणा. आणखी एक कॉलम गेट-ईएसएक्ससीएलआयमधून (होस्टच्या स्वतःच्या कमांड चालवायची सोय) घ्या, व्ही२ स्विच लावून: सिस्टिम, सिसलॉग, कॉन्फिग, गेट. त्यात लोकल लॉग पर्सिस्टंट (रीबूटनंतरही टिकणारा) आहे की नाही हे सरळ खरं-खोटं येतं. यूएसबी किंवा एसडी कार्डावरून चालणाऱ्या होस्टवर स्क्रॅच (लॉग वगैरे ठेवायची जागा) बरेचदा रॅमडिस्कवर, म्हणजे मेमरीतच, असतो. असा होस्ट रीबूट झाला की लॉग गेले, म्हणजे नेमके हवे असतात तेव्हाच नसतात. लॉग शेअर्ड डेटास्टोअरवर (अनेक होस्टच्या सामायिक स्टोरेजवर) ठेवत असाल तर लॉगडिरयुनिक ही प्रत्येक होस्टला वेगळा फोल्डर देणारी सेटिंगही बघा, नाहीतर अनेक होस्ट एकाच फोल्डरमध्ये लिहीत बसतात.

आता मी स्वतः खाल्लेली ठोकर. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये एक बंद पडलेला होस्ट अगदी व्यवस्थित दिसत होता. कारण असं: ट्राय-कॅचमध्ये (चूक आली तर ती पकडणारी रचना) कमांड अडखळली, व्हेरिएबलला नवी किंमत मिळालीच नाही, आणि त्यात आधीच्या होस्टची किंमत तशीच राहिली. कॅचमध्ये मी फक्त इशारा छापून पुढे गेलो होतो, त्यामुळे मेलेल्या होस्टच्या नावापुढे शेजाऱ्याची सेटिंग छापली गेली. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून लूपच्या पहिल्याच ओळीत सगळी व्हेरिएबल नल (रिकामी) करतो आणि कनेक्शनस्टेटचा (होस्ट जोडलेला आहे की नाही) कॉलम ठेवतो. डिसकनेक्टेड होस्ट आधीच गाळून टाकायचा मोह होतो, तो टाळा. 'माहिती मिळाली नाही' अशी ओळ आली तरी चालेल, पण होस्ट यादीतून गायब व्हायला नको.

फाइल तयार झाली की लॉगहोस्टवर ग्रुप-ऑब्जेक्ट (सारख्या किमतींचे गट पाडणारी कमांड) चालवून बघा. एकच सर्व्हर कुठे आयपीने, कुठे नावाने, कुठे यूडीपी ५१४ वर, कुठे एसएसएल १५१४ वर लिहिलेला सापडतो. दोन-तीन होस्टचे छोटे गट दिसले की तिथे कुणीतरी हाताने काहीतरी केलंय असं समजा.

व्हीसेंटर अप्लायन्सचे (व्हीसेंटर ज्या मशिनवर चालतं त्याचे) स्वतःचे लॉग या रिपोर्टमध्ये येत नाहीत, ते फॉरवर्डिंग त्याच्या मॅनेजमेंट पानावर वेगळं लावावं लागतं.

आणि हे सगळं झालं तरी लॉग पोहोचतात का, हे उरतंच. त्याच लूपमध्ये ईएसएक्ससीएलआयची सिस्टिम सिसलॉग मार्क कमांड चालवा, मेसेजमध्ये होस्टचं नाव आणि तारीख घाला. थोड्या वेळाने लॉग सर्व्हरवर तो मेसेज शोधा आणि आलेली नावं तुमच्या सीएसव्हीशी ताडून बघा. जी नावं आली नाहीत, कामाला तिथूनच लागा. (ईएसएक्सआयच्या लॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, असते, शोधताना तेवढं ध्यानात ठेवा.)