पोटाच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली, घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की पोट सारखं बिघडतं म्हणून गॅस्ट्रोवाल्यांकडे गेलात, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि चिठ्ठीवर निघाली डिप्रेशनची गोळी, तर डॉक्टर तुम्हाला वेडा समजतायत का. वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी हेच आमच्या मेडिकलच्या पायरीवर उभा राहून गूगलला विचारत होतो. मी डॉक्टर नाही, इंदूरचा साधा सेल्सवाला आहे, तेवढं धरून वाचा.

मला आयबीएस, म्हणजे तपासणीत आतडी ठीक दिसतात पण पोट सारखं दुखतं-बिघडतं तो आजार, त्यातला जुलाबवाला. आठवड्यातून चार दिवस देवास-उज्जैन, सकाळी तीनदा जाऊन आलो तरी देवास रोडवरचं मांगलिया येईपर्यंत पोटात मुरडा. इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की लोक सेल्फी काढायचे, मी मात्र कुठलं शौचालय किती वाजता उघडतं ते पाठ करायचो. पोहे बंद, सराफ्यातलं रात्रीचं खाणं बंद, लग्नात फक्त ताक. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, थायरॉइड, सगळं झालं, काही निघालं नाही. डॉक्टरांनी फाईल बाजूला सारली, म्हणाले "कुछ नहीं है, टेन्शन मत लो", आणि एक गोळी लिहिली, रोज रात्री. मी काही विचारणार तोवर पुढचा पेशंट आत येऊन बसला पण.

मेडिकलवरचा मुलगा पट्टी कापता कापता मोठ्याने, "भिया, ये तो डिप्रेशन की है, किसके लिए?" मागे आमच्या गल्लीतले एक काका उभे. मी म्हटलं, पप्पांसाठी. पप्पांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि काकांना ते माहीत होतं.

घरी आई म्हणाली असल्या गोळ्यांची सवय लागते, मामा म्हणाला आज गोळी, उद्या बाणगंगा (बाहेरच्यांसाठी सांगतो, मेंटल हॉस्पिटल बाणगंगेला आहे, आमच्याकडे तेवढं नाव पुरतं). पट्टी कचऱ्यात, तीही कुठल्या डब्यात टाकायची याचा विचार करून, इंदूरकर ना शेवटी. पुढचे आठ महिने पुन्हा तेच मांगलिया.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तीच गोळी लिहिली, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम, पण पेन खाली ठेवून आधी सांगितलं की ही डिप्रेशनचीच गोळी आहे, पण मी तुम्हाला डिप्रेशन आहे म्हणून देत नाहीये. म्हणाले, आतड्यांना स्वतःचं नसांचं जाळं असतं आणि ते सतत मेंदूला बातम्या पाठवतं, तुमची बातमी वाटेत मोठी होते, राजवाड्यावर दोघांची बाचाबाची आणि विजय नगरला पोचेपर्यंत दंगल. ही गोळी त्या नसांना जरा शांत करते, आतड्यांची घाईही कमी करते. डिप्रेशनसाठी हीच गोळी ७५ ते १५० पर्यंत देतात, पोटासाठी १० ते ३० मध्ये काम होतं. अमेरिकेत १९६१ ला डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली म्हणून ते नाव चिकटलं, बाकी आमचे काका हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेतात, त्यांना कोणी विचारत नाही की डोकं दुखतं का. हे सगळं सांगायला त्यांना फार तर चार मिनिटं लागली.

नंतर मी वाचलं पण. २०२३ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात इंग्लंडमधला अभ्यास आलाय, आयबीएसचे ४६३ पेशंट, सहा महिने, निम्म्यांना हीच गोळी आणि निम्म्यांना नुसती खोटी. खऱ्या गोळीवाल्यांना पोटात जास्त आराम पडला, आणि चिंता-उदासीच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे मन खूश झालं म्हणून पोट सुधारलं असं नाही.

तर माझं भांडण गोळीशी नाहीच. "काही नाहीये" म्हणायचं आणि वर ही गोळी द्यायची, की पेशंटला ऐकू येतं "तुझ्या डोक्यात आहे". तुम्ही सरळ परत जा आणि विचारा, ही डिप्रेशनची आहे ना, मग मला का, किती दिवस, बंद कशी करायची. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. संडासातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, असलं काही असेल तर तेही. आणि पट्टीच्या मागे वाचा, काही पोटाच्या गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड मिसळलेलं असतं, सवय लागते ती त्याची. अ‍ॅमिट्रिप्टिलिनची तशी लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायची नाही.

मला पहिले दहा दिवस तोंडाला कोरड आणि सकाळी डोळे उघडेनात. बद्धकोष्ठ होऊ शकतं म्हणाले होते, मी म्हटलं होऊ दे की एकदा! महिन्याने २० केली. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवासला उतरलो आणि लक्षात आलं की मांगलिया कधी गेलं ते बघितलंच नाही.

आता परत १० वर आहे. आणि एक कबुली, मी त्या गोळ्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतो (तुम्ही नका करू, गोळी पट्टीतच बरी). आई सगळ्यांना सांगते होमिओपॅथी लागू पडली, आणि परवा त्या मेडिकलवरच्या काकांनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, तुझ्या होमिओपॅथवाल्याचा नंबर दे रे, माझंही पोट ठीक नसतं.