परदेशातल्या युनियन आणि मालक व्यापार करारांवर एकत्र बसून बोलतात म्हणे, नाशिकच्या कामगाराला त्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, फक्त त्या बैठकीच्या हातात काही अधिकार आहे की नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम आहे ते आधी बघायचं.

मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, युनियनचं कामही बघतो. मे 2025 मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या पार्ट्सवर 25 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला, त्यानंतर आमच्याकडे एक्स्पोर्टच्या पेट्या स्ट्रॅपिंग मारून डिस्पॅचला तशाच पडून राहिल्या, मग पहिले ओव्हरटाइम गेला, नंतर थर्ड शिफ्ट गेली आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना ब्रेक दिला. मालक म्हणतो गिऱ्हाईक तिकडचं, टॅरिफ तिकडचा, मी काय करू? त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. पण मग कामगाराने जायचं कुणाकडे?

युरोपियन युनियन आणि दक्षिण कोरियाचा करार 2011 पासून लागू आहे. त्यात दोन्ही बाजूंना सल्लागार गट आहेत, त्यात युनियनवाले पण बसतात आणि मालकांच्या संघटना पण. कोरियात युनियन करायला अडथळे येतात हा मुद्दा युरोपच्या गटाने वर्षानुवर्षं लावून धरला, शेवटी प्रकरण तज्ज्ञांच्या पॅनलकडे गेलं, जानेवारी 2021 मध्ये निकाल आला आणि त्याच वर्षी कोरियाने आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे) 87 आणि 98 नंबरचे करार मान्य केले, म्हणजे युनियन करायचा आणि युनियनतर्फे मालकाशी वाटाघाटी करायचा हक्क. म्हणजे झालं, पण दहा वर्षं लागली हो! एवढ्यात कॉन्ट्रॅक्टचा पोरगा चार कंपन्या बदलून गावाला परत गेलेला असतो.

याच्या उलट मेक्सिको. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात एखाद्या ठरावीक कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते आणि तिला मुदत असते. सिलाओच्या जनरल मोटर्स प्लांटमधली गडबड मे 2021 मध्ये वर आली, फेब्रुवारी 2022 मध्ये कामगारांनी मतदान करून स्वतःची नवीन युनियन निवडली, मेमध्ये 8.5 टक्के पगारवाढ. माझ्या मते फरक सगळा त्या मुदतीत आहे, आणि तिकडच्या मालाला अडवायची ताकद मागे असण्यात.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात कामगारांवर वेगळं प्रकरण आहे, पण 87 आणि 98 भारताने अजून मान्यच केलेले नाहीत. आणि धोरणाचा फटका काय फक्त कारखान्यालाच बसतो का, डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी एका रात्रीत आली तेव्हा लासलगावचा शेतकरी, व्यापारी आणि हमाल-मापारी तिघंही एकाच बोटीत होते, विचारलं कुणालाच नव्हतं. असे निर्णय व्हायच्या आधी मालक आणि कामगार दोघांनी मिळून एकच कागद दिल्लीला द्यायला पाहिजे, हे मी आमच्याकडे दर मीटिंगला बोलतो.

तुम्ही एवढं करा, तुमच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक युरोपातलं असेल तर त्याचा इंडस्ट्रीऑल या जागतिक युनियनशी करार आहे का ते तुमच्या फेडरेशनला विचारा. असेल तर मागवून घ्या आणि सप्लायरबद्दल काय लिहिलंय तो भाग मराठीत करून गेटवर वाचून दाखवा.