तिकडं दवाखान्याचं कसं असतंय?

"दादा, बायकोचा व्हिसा आला, आता आमचं पण होतंय. पण तिकडं दवाखान्याचं कसं असतंय? पोरगी दीड वर्षाची हाय, आईला शुगर हाय, ती पण पुढं तीन महिने येऊन राहणार. कुणाला विचारायचं, काय काय घेऊन यायचं?" असं तू विचारलंस आणि मी "ये तर खरं, मग सांगतो" म्हणून फोन ठेवला. नंतर लक्षात आलं, यातलं निम्मं काम खानापूर-बेळगावातच उरकायचं आहे, विमानात बसल्यावर ते हातात राहत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. वाचून झालं की बायकोलाही दे. ती नर्स असली तरी इथली, म्हणजे इंग्लंडमधली, पद्धत तिलाही नवीनच.

आधी एक गोष्ट कबूल करतो. आपल्याकडं आरोग्याची माहिती कुणी शोधत नाही, ती चालत घरी येते. आशाताई दारात येऊन सांगते, बुधवारी पोरीला घेऊन या. अंगणवाडीत वजन होतं. मेडिकलवाला गोळी देताना दोन वाक्यं बोलतो. दवाखान्यातला बोर्ड कानडीत, चिठ्ठी इंग्रजीत, आपण मराठीत. तरी आपलं काही अडत नाही, कारण शेजारी बसलेली बाई सांगते. डॉक्टरांनी कानडीत "गोत्तायता?" (कळलं का?) म्हटलं की आपण मान हलवतो, आणि काय कळलं नाही ते बाहेर येऊन कुणाला तरी विचारतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला ही मान हलवायची सवय रक्तात असते. मी ती लेस्टरपर्यंत घेऊन आलो आणि इथं ती महागात पडली, कारण इथं बाहेर येऊन विचारायला कुणी बसलेलं नसतं.

आता निघायच्या आधीची कामं.

पहिलं म्हणजे पोरीचं तायी कार्ड. आपल्या कर्नाटकातलं आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचं ते कार्ड कानडीत, त्यात नर्सबाईंचं घाईतलं अक्षर. माझ्या मुलाच्या वेळी मी त्याची झेरॉक्स आणली होती, तीही पुसट. इथल्या नर्सनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाली, यातलं मला काही वाचता येत नाही. इथला नियम असा की खात्रीची नोंद नसेल तर मुलाला लस दिलेलीच नाही असं धरायचं आणि पुढचा सगळा कार्यक्रम नव्यानं आखायचा. त्यात धोका काही नाही, पण लेकराला विनाकारण सुया टोचल्या जातात आणि बापाचा जीव तुटतो. तेव्हा जिथं पोरीला डोस दिले त्या पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जा, नाहीतर बालरोगतज्ज्ञाकडं जा, आणि लेटरहेडवर इंग्रजीत यादी करून घे: लशीचं नाव, तारीख, सही, शिक्का. यू-विन या सरकारी लसनोंदणीच्या पोर्टलवर नोंद झाली असेल तर तिथलं प्रमाणपत्रही डाउनलोड करून ठेव. मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायचं, मोठ्या बॅगेत नाही.

यादी असली तरी इथं काही लशी नव्यानं द्याव्या लागतीलच. त्यात कुणाची चूक नाही, दोन देशांची वेळापत्रकंच वेगळी आहेत. आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस मिळते, तिच्यात गालगुंड नसतो. इथं गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्ही एकत्र देतात आणि जानेवारी २०२६ पासून त्यातच कांजिण्यांची भर पडली आहे. शिवाय वर्षाच्या आत दिलेला गोवराचा डोस इथं हिशेबात धरत नाहीत. मेंदूज्वराची बी गटाची लस आपल्या सरकारी यादीत नाही, इथं ती तान्ह्या वयातच देतात. म्हणून नर्स म्हणाली की "अजून दोन-तीन लागतील", तर "आमचे सगळे झालेत" म्हणून भांडू नकोस. बेळगावकरानं लशीला नाही म्हणू नये. टिळकवाडीत ज्याला आपण अजून व्हॅक्सीन डेपो म्हणतो आणि जिथं सकाळी अख्खं गाव फिरायला जातं, तिथं एकेकाळी देवीची लस तयार होत होती!

दुसरं, टीबीचं प्रमाणपत्र. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला येणाऱ्यांना व्हिसासाठी ते लागतं आणि ते ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातूनच हवं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. आपल्याला बेंगळूर नाहीतर मुंबई. ते सहा महिने चालतं, म्हणून फार आधी काढू नकोस. अकरा वर्षांखालच्या मुलांचा शक्यतो एक्स-रे काढत नाहीत, पण पोरीला डॉक्टरसमोर न्यावं लागतंच. इथं आल्यावर काही भागांत सोळा ते पस्तीस वयाच्या नव्या लोकांना टीबीच्या रक्ततपासणीचं पत्र येतं. मला आलं तेव्हा मी चिडलो होतो: एक्स-रे देऊन आलोय, आता परत संशय कशाला? नंतर कळलं की अंगात झोपून असलेला टीबी एक्स-रेत दिसत नाही, रक्तात कळतो, आणि तो आधीच सापडला तर औषधानं तिथंच थांबतो. तपासणी फुकट असते. करून घे.

तिसरं, औषधं. कंपनीचं नाव इथं कुणाला कळत नाही, म्हणून प्रत्येक गोळीचं मूळ नाव आणि ताकद डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घे. प्रिस्क्रिप्शन सोबत ठेव आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा आणू नकोस. नसांच्या दुखण्यासाठी आपल्याकडं सर्रास देतात ती प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन ही औषधं इथं नियंत्रित आहेत, चिठ्ठीशिवाय जवळ बाळगू नये. अँटिबायोटिक इथं मेडिकलवाल्याकडं मागून मिळत नाही. सुपरमार्केटमध्ये पॅरासिटामॉलच्या सोळा गोळ्यांपेक्षा मोठं पाकीटही देत नाहीत. आणि काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, पोरीसाठी काजळाची डबी दिली तर ती घरीच राहू दे. आपल्याकडच्या काजळ-सुरम्यात शिसं सापडतं म्हणून इथले आरोग्यवाले त्याबद्दल मुद्दाम विचारतात.

पैशाचं एका ओळीत सांगतो. इतर व्हिसावाल्यांना हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला माणशी १,०३५ पौंड आणि मुलांचे ७७६ पौंड आधीच भरावे लागतात. तुझी बायको हेल्थ अँड केअर व्हिसावर असल्यानं तुम्हा तिघांनाही ते माफ आहे. एजंट त्या नावाखाली पैसे मागत असेल तर देऊ नकोस.

आता इथं उतरल्यावरचं.

इथं सगळं एका खुंटीला टांगलेलं असतं, ती खुंटी म्हणजे जीपी. जीपी म्हणजे आपल्या भागातला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडं नाव घातलं की तुला एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दहा आकडी नंबर मिळतो आणि मग लशीचं बोलावणं, तपासण्यांची पत्रं, मोठ्या डॉक्टरकडची चिठ्ठी सगळं आपोआप सुरू होतं. नाव नसेल तर तू त्यांच्या लेखी गावातच नाहीस. आजारी पडायची वाट बघू नकोस, घराची किल्ली हातात आली त्या आठवड्यात तिघांची नावं घाल. मी गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईनं विजेचं बिल मागितलं. भाड्याच्या खोलीत माझ्या नावाचं बिल कुठलं? मी मान हलवली आणि परत आलो. दोन महिने तसेच गेले. नंतर कळलं की नाव घालायला पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट यातलं काहीही सक्तीचं नाही, एनएचएसचा स्वतःचाच नियम आहे तो. तुला कुणी अडवलं तर नम्रपणे सांग की नियमात तसं नाही, आणि कोणत्या कारणानं नाकारताय ते लिहून द्या.

त्या दोन महिन्यांतच मुलाला ताप आला. रात्री घाबरून टॅक्सीनं मोठ्या हॉस्पिटलच्या ए अँड ई मध्ये गेलो, म्हणजे आपली कॅज्युअल्टी. सहा तास बसलो. कुणी हाकललं नाही, पण आमच्यानंतर आलेले चार जण आधी आत गेले, तेव्हा मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. पुढं कळलं की तिथं नंबर आल्या वेळेप्रमाणं लागत नाही, दुखणं किती गंभीर यावर लागतो. मुलगा खेळत होता, म्हणून तो शेवटी. त्या रात्री खरं तर १११ ला फोन करायला हवा होता. हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. ते प्रश्न विचारतात आणि सांगतात की घरीच थांबा, सकाळी जीपीकडं जा, की आत्ता निघा. श्वास अडकणं, छातीत दुखणं, पोर शुद्धीवर नसणं असलं काही असेल तर विचार न करता ९९९. किरकोळ गोष्टींसाठी फार्मसी. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, बायकांची साधी लघवीची जळजळ अशा सात दुखण्यांवर फार्मासिस्ट स्वतःच औषध देऊ शकतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कानदुखीचं ते एक ते सतरा वर्षांच्या मुलांनाच चालतं, तुझी पोरगी त्यात बसते. प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स, पण सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना फुकट. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर सगळ्यांनाच फुकट.

पत्रं फेकू नकोस. आपल्याकडं पोस्टानं काय येतं? बँकेची नोटीस आणि लग्नाच्या पत्रिका. इथं आरोग्याचं निम्मं काम अजून पाकिटातून चालतं. आमच्याकडं एक पत्र आलं होतं, हेल्थ व्हिजिटर येणार म्हणून. मला वाटलं विम्याची जाहिरात. ती बाई दार वाजवून परत गेली. हेल्थ व्हिजिटर म्हणजे शिकलेली नर्स. ती लहान मुलांची वाढ, बोलणं, खाणं, झोप बघते, आणि आईचं मन ठीक आहे का तेही विचारते. आपल्या आशाताईसारखी समज, फक्त ही पत्र पाठवून येते. दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान मुलांची एक तपासणी असते, तुझ्या पोरीची वेळ तुम्ही आल्यावर लगेचच येईल. ती पोरीच्या आरोग्याच्या नोंदींची एक लाल वही देईल. तायी कार्डासारखीच जप. परिसरातल्या खेळगटांची, फॅमिली हबची माहितीही तिच्याकडूनच मिळते. तुझी बायको ड्यूटीवर असताना पोरीला घेऊन तू तिथं जा. बाप मंडळी कमी दिसतात, पण कुणी बघत बसत नाही.

भाषेचं सांगतो. आमच्या सर्जरीच्या, म्हणजे जीपीच्या दवाखान्याच्या, भिंतीवर गुजरातीत सगळं लिहिलेलं आहे, पंजाबीतही. मराठीचा पत्ता नाही. आपल्याला यात नवीन काय, म्हणून मी हसलो. पण दुभाषी मागता येतो हे मला तीन वर्षांनी कळलं. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी इंटरप्रिटर" म्हणायचं, फोनवर माणूस जोडून देतात, पैसे लागत नाहीत. घरच्या माणसानं भाषांतर करावं हे त्यांनाही नको असतं. काकूंना पोटातलं दुखणं तुझ्यासमोर सांगायला लाज वाटेल, परक्या मराठी बाईला त्या सांगतील. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तरी डॉक्टर भराभर बोलले तर मध्येच थांबव. "पुन्हा सांगा, लिहून द्या" म्हटल्यावर आजवर माझ्यावर कुणी चिडलं नाही.

वाचायला काही हवं असेल तर एनएचएसची स्वतःची वेबसाइट बघ. प्रत्येक आजाराचं पान, कधी डॉक्टरकडं जायचं, कधी नाही, सगळं साध्या इंग्रजीत. फोनवर एनएचएस ॲप घे, त्यात तुझ्या नोंदी आणि औषधं दिसतात. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घर शोध, तांदूळ-नाचणी कुठं मिळते ते विचार, औषध मात्र विचारू नकोस. मागच्या हिवाळ्यात तिथं एकानं सगळ्यांना व्हिटॅमिन डीचे साठ हजार युनिटचे कॅप्सूल घ्यायला सांगितले. इथं ऑक्टोबर ते मार्च ऊन नसतंच, दुपारी चारला अंधार, तेव्हा डी घ्यायचंच. पण सरकारी सल्ला मोठ्यांना रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे, आणि आपल्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा असं ते सांगतात. एक ते चार वर्षांच्या मुलांनाही तेवढंच, रोज.

शेवटी काकूंचं, कारण खरी भीती तिथं आहे. त्या व्हिजिटर व्हिसावर येणार, म्हणजे तुमची सवलत त्यांना नाही. जीपीकडं दाखवणं फुकट, कॅज्युअल्टीतला उपचारही फुकट, पण वॉर्डात भरती केलं की परदेशी म्हणून खर्चाच्या दीडपट बिल लागतं. ते थकलं तर पुढच्या व्हिसालाही नडतं. म्हणून प्रवासविमा घेताना शुगर आहे हे सरळ लिही. लपवलंस तर ऐनवेळी कंपनी हात वर करते. यायच्या आधी बेळगावात केएलई हॉस्पिटलात नाहीतर सिव्हिलला त्यांची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून रिपोर्ट आणायला सांग. उलट तुम्ही सुट्टीला गावी जाऊन आलात आणि नंतर कुणाला ताप आला, तर जीपीला पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही भारतातून आलोय. इथले डॉक्टर डेंगी, टायफॉइड, मलेरिया आपणहून मनात आणतीलच असं नाही.

आता एवढं कर. तायी कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाक, मागचं पानसुद्धा. कानडी मला अजून वाचता येतं. रविवारी बसून लशींची इंग्रजी यादी करून पाठवतो, ती घेऊन डॉक्टरकडं जा आणि शिक्का मारून घे. सोमवारी पीएचसीत गर्दी असते, मंगळवारी जा.