नागिणीनंतरची आग थांबत नाही, मेंदूवरचा चुंबकीय उपचार घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की आईंची नागीण बरी होऊन दीड वर्ष झालं, पण उजव्या बरगडीवरची आग जात नाही, ब्लाउजचं कापड घासलं तरी त्या कळवळतात. एका केंद्राने आरटीएमएस, म्हणजे मेंदूवरचा चुंबकीय उपचार, सुचवलाय, आणि हा शॉकचाच प्रकार आहे का, अशी त्यांना धास्ती आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नसांच्या दुखण्याचे रुग्ण रोज बघते. माझं मत असं: औषधं नीट देऊन झाली असतील तर जरूर करून बघा, पण कॉइल (चुंबकीय ठोके देणारं तारेचं वेटोळं) डोक्यावर कुठे ठेवणार हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आधी आईंची धास्ती घालवा. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे तसं काही नाही. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसून बोलत असतो. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून चुंबकीय लहरींचे ठोके जातात आणि त्यांनी मेंदूच्या वरच्या थरात अगदी थोडा वीजप्रवाह तयार होतो. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला संशोधक अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. टकटक आवाज मोठा येतो म्हणून कानात बोळे घालतात. नंतर थोडं डोकं दुखू शकतं. फिट येण्याचा धोका फार क्वचित, पण आहे. म्हणून फिट्सचा इतिहास, पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट किंवा शस्त्रक्रियेत डोक्याच्या आत बसवलेली धातूची क्लिप असेल तर आधीच सांगा.

दुखतंय बरगडीत, मग उपचार मेंदूवर का? नागिणीचे फोड वाळले तरी विषाणूने नस खराब करून ठेवलेली असते. ती चुकीचे संदेश पाठवत राहते, आणि मज्जारज्जू व मेंदूही हळूहळू जास्तच संवेदनशील होतात. हालचाली चालवणारा मेंदूचा जो पट्टा आहे, मोटर कॉर्टेक्स, तो उत्तेजित केला की शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा कामाला लागते. जपानमध्ये मेंदूचे सर्जन त्सुबोकावा यांनी 1991 मध्ये पक्षाघातानंतरच्या वेदनेसाठी शस्त्रक्रिया करून त्या पट्ट्यावर इलेक्ट्रोड बसवले होते. आता तेच कवटी न उघडता करायचा प्रयत्न आहे.

माझा आग्रह आहे तो याच जागेचा. आपल्याकडची या चुंबकीय उपचाराची बरीचशी केंद्रं मानसोपचाराची आहेत, त्यांचा हात नैराश्याच्या उपचारावर बसलेला असतो. त्यात कॉइल डावीकडे, कपाळाच्या वरच्या भागावर ठेवतात. फ्रान्समधल्या चार केंद्रांत नसांच्या दुखण्याच्या सुमारे 150 रुग्णांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला मोटर कॉर्टेक्सवर, दुसऱ्याला पुढच्या भागावर आणि तिसऱ्याला तुलनेसाठी खोटा, नुसता दिखाव्याचा उपचार दिला. मोटर कॉर्टेक्सवाल्यांच्या वेदना कमी झाल्या. पुढच्या भागावर दिलेला उपचार खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही.

घरच्या माणसालाही हे तपासता येतं. सुरुवातीला तंत्रज्ञ कॉइल फिरवत हाताचा अंगठा कुठे उडतो ते शोधतात. हे नैराश्यातही करतात, पण नंतर कॉइल पुढे सरकवतात. वेदनेसाठी ती साधारण तिथेच राहायला हवी. आणि मेंदूची बाजू उलटी लागते, म्हणजे दुखणं उजवीकडे असेल तर कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला आणि अंगठा उजवा हलायला हवा. ठोक्यांचा वेगही विचारा: सेकंदाला 10 च्या आसपास असावेत. सेकंदाला एक या संथ गतीने या दुखण्यात फायदा दिसलेला नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. सगळ्यांना गुण येत नाही. ज्यांना येतो त्यांची वेदना तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली तरी रात्रीची झोप लागते, आणि दीड वर्ष जागणाऱ्या माणसाला ते केवढं मोठं असतं हे मी पाहिलंय. पहिल्या बैठकीतच फरक पडेल असं नाही, आणि थांबवलं की परिणाम ओसरतो. त्या फ्रेंच अभ्यासात 22 आठवड्यांत 15 बैठका होत्या, सुरुवातीला रोज, मग अंतर वाढवत. कोणी ‘पाच सिटिंगमध्ये कायमचा बरा’ म्हणत असेल तर तिथून उठा.

पुरावा अजून भक्कम नाही, म्हणून 2025 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत हा उपचार तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या ही औषधं येतात. ‘औषधं लागू पडत नाहीत’ म्हणत येणाऱ्या कितीतरी जणांची मात्रा मुळातच वाढवलेली नसते, रात्री प्रीगाबालिनची एक छोटी गोळी आणि बस. वय जास्त असेल तर मूत्रपिंड तपासून मात्रा ठरवावी लागते, ते डॉक्टरांनाच करू द्या.

ऑनलाइन मिळणारी, डोक्याला पट्टा बांधून सौम्य वीजप्रवाह सोडणारी टीडीसीएस यंत्रं घेऊ नका. नसांच्या दुखण्यात त्यांचा पुरावा आणखी कमी आहे.

ठरलंच तर सुरू करण्याआधी दोन आठवडे आईंना रोज रात्री 0 ते 10 मध्ये वेदनेचा आकडा आणि किती तास झोप लागली ते वहीत लिहायला सांगा, म्हणजे महिन्याभराने पुढचे पैसे भरायचे की नाही हे त्या वहीवरून ठरवता येईल. आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका. प्रीगाबालिन एकदम थांबवलं तर वेगळाच त्रास होतो.