पानं फाडू नकोस

“मावशी, वय 36. रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करायची सवय लावायची म्हणून तीन वर्षं धडपडतेय. दहा-बारा दिवस झकास जातात, मग एखादा दिवस चुकतो आणि सगळंच बारगळतं. एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, माझे एकवीस कधी झालेच नाहीत. चुकलं की वहीतली आधीची पानं फाडते आणि सोमवारपासून पुन्हा ‘दिवस पहिला’. नवरा विचारतो, ‘हा कितवा पहिला दिवस?’ त्याचं हसणं फार लागतं. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? – एक आरंभशूर”

अगं, नवऱ्याचं राहू दे. प्रश्न त्याने बरोब्बर विचारलाय.

मी अडकले ते पानांपाशी. एका वाक्यात उरकलंस, जणू केर काढल्यासारखं. दहा-बारा सकाळी अंथरुणातून उठलीस, घाम गाळलास, आणि एका सकाळी डोळा लागला म्हणून ते सगळे दिवस कचऱ्यात? आरंभशूर कसली, तू तर पुरावा नष्ट करतेस! शिवलेल्या वहीचं पुढचं पान फाडलं की मागचं जोडपान सुटतं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. म्हणजे अजून न उजाडलेले दिवसही तू सैल करून ठेवतेस.

आणि इच्छाशक्तीचं काय घेऊन बसलीस? तीन वर्षांत इतक्यांदा नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारावा, याचा मला राग येतो.

त्या एकवीस दिवसांचंही ऐकून ठेव. 1960 मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस तरी लागतात. त्यातलं ‘निदान’ कुठेतरी गळलं आणि चेहऱ्याचा नियम उठाबशांना लागला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावली, ठरलेल्या कामाला जोडून, बारा आठवडे. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा निघाला 66. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशोब आला. व्यायाम खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा हळू रुजला. आणि तुझ्या कामाचं हे, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्यांनी कुणाला पहिल्या दिवसावर परत पाठवलं नाही. तुला पाठवणारी तूच.

तेव्हा आता एवढंच कर. नवी वही आणायची नाही. (कोऱ्या वहीचा वास मलाही वेड लावतो, म्हणून आधीच सांगते.) तीच फाटक्या कडांची वही बाथरूमच्या दाराशी ठेव, पेन बांधून. सकाळी दात घासून झाले, ब्रश जागेवर गेला, की तिथेच उभ्याउभ्या पाच उठाबशा. अर्धा तास विसर. मग वहीत तारीख लिही, फक्त तारीख. दिवस पहिला, दुसरा असा आकडा लिहायचा नाही. पाच फारच सोपं वाटेल, हसू येईल, ‘वीस करून टाकूया’ असंही वाटेल. नको करूस. ताप असताना, पाहुणे असताना, रात्री जागरण झालेलं असतानाही जमेल इतकंच ते हवंय.

आणि दिवस चुकणार, नक्की चुकणार. त्या दिवसाची ओळ रिकामी सोड आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली तारीख टाक. सोमवारची वाट बघायची नाही.

पहिली रिकामी ओळ पडली की मला पत्र टाक. किती उठाबशा झाल्या ते नको सांगूस. पान वहीत आहे ना, तेवढं कळव.

– मावशी